आतून मातीचं घरकुल

हे मी लिहावं की नाही, हे मला अजून नीट कळलेलं नाही. ज्यांच्याविषयी लिहितो आहे ते कुठल्या पदावर नव्हते, त्यांचा फोटो कधी छापून आला नाही, आणि माझंही नाव कुणाला माहीत असण्याचं कारण नाही. मी गडचिरोलीत बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पुरवणीत असे लेख मी वाचतो तेव्हा ते मोठ्या माणसांवर मोठ्या माणसांनी लिहिलेले असतात. म्हणून आधीच सांगतो, यात काही कमी-जास्त झालं तर दोष माझ्या लिहिण्याचा धरावा, दसरूकाकांचा नाही. ते कमी बोलत. त्यांचं जेवढं आठवतं तेवढं जसंच्या तसं ठेवायचा प्रयत्न करतो.

बातमी आली तेव्हा मी हॉस्टेलच्या आवारात कपडे वाळत घालत होतो. आमचं गाव धानोऱ्याच्या पुढे जंगलात आहे. गावात फोनला रेंज नाही, बोलायचं तर शाळेमागच्या टेकाडावर चढावं लागतं. त्यामुळे बाबांचा फोन आला की आधी त्यांचा दम ऐकू येतो आणि मग शब्द. त्या दिवशी दम जरा जास्त वेळ ऐकू आला. मग त्यांनी विचारलं, "जेवला का?" मी हो म्हटलं. "धान आलं घरी," ते म्हणाले, "चांगलं झालं यंदा." मी बरं म्हटलं... आणि मग ते म्हणाले, "दसरूदादा गेला गा. सकाळी उन्हात बसला होता. बसल्या बसल्याच गेला." मी हातातला शर्ट पुन्हा पिळला. तो आधीच पिळलेला होता, त्यातून पाणी निघालं नाही. आजूबाजूची मुलं क्रिकेटच्या गप्पा मारत होती. मी उरलेले कपडे वाळत घातले आणि बस स्टँडवर गेलो.

दसरूकाका माझ्या बाबांचे चुलतभाऊ. आमची दोन घरं एकाच अंगणाला लागून आहेत, त्यामुळे लहानपणी कुठल्या घरी जेवलो हे संध्याकाळी आठवावं लागे. काकू मी अगदी लहान असताना गेल्या. त्यांचा मुलगा गडचांदूरकडे सिमेंट कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली काम करतो आणि सणावाराला येतो. घरी काका, त्यांची सून आणि नात मैनी. मैनी आता सातवीत आहे. नात्यानं मी तिचा काका. ती मला 'कालेजवाले काका' म्हणते, आणि त्यात मान किती आणि चेष्टा किती हे मी अजून ओळखू शकलेलो नाही. काकांना ती आमच्या गोंडीत 'तादो' म्हणायची, म्हणजे आजोबा.

मैनीला सिकल सेल आहे. आमच्या भागात हा आजार कुणाला समजावून सांगावा लागत नाही, पण वाचणारे दूरचे असतील म्हणून सांगतो. हा रक्तातला आजार आहे, जन्मापासूनचा. थंडी लागली की हातपाय, पाठ, सांधे असे दुखतात की मूल रडतसुद्धा नाही, नुसतं गोळा होऊन पडून राहतं. डॉक्टर गोळ्या देतात आणि दर वेळी तेच सांगतात, पाणी भरपूर पाजा आणि हिला थंडी लागू देऊ नका. चंद्रपूर-गडचिरोली म्हटलं की बाहेरच्या लोकांना आमचं ऊन आठवतं. ते खरंच आहे. पण पौषातली आमची पहाटही कधी कुणी पाहावी. जंगलातून थंडी जमिनीलगत सरकत येते आणि सूर्य वर चढेपर्यंत हलत नाही. काकांचा हिवाळा डॉक्टरांच्या त्या एका वाक्यावर चालायचा. उजाडायच्या आधी उठायचं, मैनीच्या तळपायांना हात लावून पाहायचा, पाय गार लागले तर विस्तवात लाकूड सारायचं. मी एकदा विचारलं होतं, काका, तुम्हाला झोप येते का? ते म्हणाले, "येते ना. दुपारी येते."

त्यांचं जुनं घर आमच्याकडच्या सगळ्या घरांसारखंच होतं. मातीच्या जाड भिंती, वर कवेलू म्हणजे कौलं, त्यांच्या खाली बांबूच्या तट्ट्यांचा माळा आणि त्या माळ्यावर मातीचा थर. खोलीच्या मधोमध विस्तव. बाहेर कितीही गारठा असला तरी आत शिरलं की अंग सैल व्हायचं. पण त्या घराचे खांब वाळवीनं खाल्ले होते. एका पावसाळ्यात मागचा अर्धा भाग दुपारच्या वेळी हळूच खाली बसला. सगळे शेतावर होते म्हणून वाचले, एक कोंबडी तेवढी दबली. उरलेल्या अर्ध्या घराला टेकू देऊन काकांनी वर्ष काढलं. त्याच्या पुढच्या साली त्यांना सरकारी घरकुल मंजूर झालं.

सरकारी योजनांबद्दल कॉलेजात बरंच बोललं जातं. काही मुलं म्हणतात सगळं कागदावर असतं, काही म्हणतात लोकांनाच कदर नाही. मी त्या वेळी गप्प बसतो, कारण मला काकांचा तेव्हाचा चेहरा आठवतो. विटांच्या भिंती उभ्या राहिल्या, सिमेंटचं प्लास्टर झालं, वर निळे टिन आले, खाली गुळगुळीत कोबा झाला. रोज संध्याकाळी काका भिंतीवरून तळहात फिरवत. "पाह्य ना," मला म्हणाले, "कुठीच टोचत नाई." घर पडेल या भीतीशिवाय झोपणं ही गोष्ट त्यांना त्या घरानं पहिल्यांदा दिली. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे जे सांगणार आहे त्यावरून कुणी असं समजू नये की त्या अनुदानाचं त्यांना मोल नव्हतं.

आमच्या गावात नव्या घरात राहायला जाताना पहिला विस्तव जुन्या घरातून नेतात. विस्तव विझवून नवीन पेटवायचा नसतो, तोच पुढे न्यायचा. काकांनी घमेल्यात निखारे भरले, सगळ्यांच्या पुढे चालत नव्या घरात गेले, आणि खोलीच्या मधोमध, जिथे विस्तव असायचा तिथेच, कोब्यावर ते ओतले. वर वाळलेली लाकडं रचली. आम्ही सगळे भोवती बसलो होतो. चांगला जाळ झाला. मैनी हात पुढे करून बसली होती आणि तिची आई तिला मागे ओढत होती. तेवढ्यात खालून फाट्कन आवाज झाला आणि कोब्याचा थाळीएवढा तुकडा निखाऱ्यांसकट उडाला. आमच्या भागात असा आवाज झाला की माणसं आधी पळतात आणि मग विचारतात. मी अंगणात कसा पोचलो ते मला माहीत नाही. बाबा तुळईच्या लाकडांमागे आडवे झाले होते. शेजारच्या दोन घरांतले दिवे विझले. कुत्री तेवढी भुंकत राहिली.

थोड्या वेळानं काका दारात आले. हातात रिकामं घमेलं. पलीकडच्या कुडाआडून रैनूबांचा आवाज आला. रैनूबा म्हणजे काकांच्याच वयाचे शेजारी. दोघांचं लहानपणापासूनचं भांडण आणि दोघांना एकमेकांशिवाय करमत नसे.

"काय झालं गा, दसरू?"

"कोबा फुटला."

"कोबा फुटला?" रैनूबा कुडावरून डोकं काढून म्हणाले. "मले वाटलं तूच फुटला. सरकारनं घर देलं का बार भरून देला?"

आधी मैनी हसली. हसता हसता ती खाली बसली. मग बाबा लाकडांमागून उठले, तेव्हा सगळेच हसले. काका हसले नाहीत. ते आत जाऊन विखुरलेले निखारे चिमट्यानं गोळा करू लागले. पण मी दारातून पाहिलं, त्यांचे खांदे हलत होते. सिमेंटवर सरळ विस्तव पेटवला की ते तापून उडतं हे आम्हाला तेव्हा कळलं. शहरात हे कुणाला सांगावं लागत नाही, कारण तिथे कुणी खोलीच्या मधोमध विस्तव मांडत नाही. आम्हाला सांगायला हवं होतं, पण सांगणाऱ्याच्या तरी ते मनात कसं येणार.

हसणं तिथेच संपलं. थंडी सुरू झाली आणि घराची दुसरी बाजू कळली. विटेची भिंत रात्रभर गार होत जायची आणि पहाटे तिच्याजवळ झोपवत नसे. टिनाला आतून दव धरायचं आणि त्याचे थेंब अंथरुणावर पडायचे. काकांनी घमेल्यात निखारे ठेवून पाहिले, पण ऊब सरळ वर टिनाकडे जायची आणि खाली धूर उरायचा. त्या हिवाळ्यात मैनीला दवाखान्यात भरती करावं लागलं, ती घरी आली, आणि पुन्हा भरती करावं लागलं. मी सुटीत गेलो तेव्हा ती खाटेवर होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, कसं वाटतं? ती म्हणाली, "हाडात कोनी चालून राह्यलं असं वाटते." काका खाटेच्या पायथ्याशी बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

त्याच आठवड्यात त्यांनी गोधड्या गुंडाळल्या आणि सून-नातीला घेऊन जुन्या घराच्या उरलेल्या अर्ध्या भागात परत गेले. त्याच टेकू दिलेल्या भागात. घरकुल रिकामं का ठेवायचं म्हणून तिथे शेळ्या बांधल्या. रैनूबांना आयतंच सापडलं.

"शेळ्याईले कसं वाटते गा महालात?"

"मजेत हायत," काका म्हणाले. "त्याईले सिकल नाई."

उन्हाळ्याच्या तोंडाशी तालुक्याहून इंजिनिअर साहेब आले. घरकुलाचा शेवटचा हप्ता बाकी होता, त्याआधी घर पूर्ण झालं आणि माणसं राहायला आली हे त्यांना पाहायचं असतं. तरुणच होते, यवतमाळकडचे, मोटारसायकलवर धुळीनं माखून आलेले. दार उघडलं तर आतून शेळी बाहेर आली. मैनी अंगणात होती. साहेबांनी तिला विचारलं, "कोन राह्यते इथी?"

"शेळ्या."

"शेळ्याईच्या नावानं घरकुल नाई ना, बाई," ते म्हणाले आणि त्यांना हसू आलं. पण काका आल्यावर ते गंभीर झाले. काकांनी त्यांना पाणी दिलं आणि सगळं सांगितलं, कोबा उडाला ते, टिनाचे थेंब, मैनीचं दुखणं. साहेबांनी मध्येच तोडलं नाही. मग म्हणाले, "भाऊ, मले समजते. पन घर रिकामं पडून हाये असं दिसलं तं तुमचा हप्ता थांबते. अना गावातले बाकीचे घर मागून राह्यले, त्याईचंबी अडते. वरचे म्हनतीन, याईले घर देऊन काय फायदा."

काकांनी विचारलं, "मधातला कोबा काढला अना तिथी माती घातली तं? विस्तवापुरती. अना टिनाखाली माळा केला तं?"

"झालेलं काम तुमी फोडता म्हनता," साहेब म्हणाले, "मंग मी पूर्न झालं असं कसं म्हनू?... थांबा. मी वर इचारतो. तवर काई फोडू नका."

हे गावात पसरायला वेळ लागला नाही. चार-पाच घरांची घरकुलं पुढच्या खेपेत होती, रैनूबांचंही होतं. दोन दिवसांनी गावसभा बसली. मी त्या वेळी सुटीवर होतो, म्हणून हे ऐकलेलं नाही, पाहिलेलं आहे. काका सभेत कधी बोलत नसत. ते कडेला बसत आणि सभा उठली की उठत. त्या दिवशी रैनूबांनीच विषय काढला, आणि या वेळी ते चेष्टेत नव्हते. "तुया एका कोब्यापायी माहं घर अडकन, दसरू. माही बुढी टपकत्या छपराखाली झोपून राह्यली. तिले मी काय सांगू?" दोघांचंही खरं होतं. एका बाजूला मैनीचा हिवाळा, दुसऱ्या बाजूला लोकांचं छप्पर. मला वाटलं काका आता म्हणतील की माझी नात आहे, मी फोडणार.

काका उभे राहिले. टोपी काढून हातात धरली. "साहेब हो म्हनत नाई तवर मी फोडत नाई," ते म्हणाले. "कोनाचं घर माह्यापायी अडू नये. मी शेळ्याबी काढतो. आमी घरकुलात राह्यतो, साहेबाले दिसलं पायजे. पन माळ्याले तं कोनी नाई म्हनलं नाई ना? मले बांबू द्या. थंडी यायच्या आधी तेवढा माळा होऊन जाईन." आमच्या जंगलातला बांबू गावसभेच्या हक्काचा आहे, तो कुणाला द्यायचा हे सभाच ठरवते. सगळे रैनूबांकडे पाहू लागले. रैनूबांनी जमिनीवर काडीनं रेघ मारली, पुसली. "बांबू द्या ना गा," ते म्हणाले. "बांबू कोनाच्या बापाचा हाये?" आणि मग कुणीतरी विचारलं तोडायला कोण जाणार, तर तेच आधी उठले.

काका सभेत बोलले ते तेवढं एकदाच. पुढे मी त्यावर खूप विचार केला आहे. माणूस आपल्यासाठी मागतो तेव्हा आवाज चढतो, असं मी पाहिलं आहे. काकांचा आवाज त्या दिवशी नेहमीपेक्षा खाली गेला होता. मागच्या लोकांनी पुढच्यांना विचारलं, काय म्हणाला?

पावसाळाभर ते ओसरीत बसून बांबू फोडत आणि तट्ट्या विणत राहिले. मैनी त्यांच्या शेजारी अभ्यास करायची आणि बांबूच्या कामट्यांनी त्यांच्या पाठीत टोचायची. साहेबांचं उत्तर पोळ्याच्या सुमारास आलं. ते स्वतःच आले. वरून त्यांना असं सांगण्यात आलं होतं की घर बाहेरून पक्कं आणि पूर्ण असावं, कुटुंब त्यात राहत असावं, आतली जमीन आणि माळा घरमालकानं आपल्या सोयीनं करावा. मग म्हणाले, "पन भाऊ, फोडता तं सरळ फोडा. वाकडंतिकडं फोडान तं सारा कोबा तडकून जाईन." त्यांनी खिशातून टेप काढला, मैनीकडून खडू मागितला, आणि गुडघ्यावर बसून खोलीच्या मधोमध स्वतः चौकोन आखून दिला. काकांनी त्या चौकोनाकडे पाहिलं. "थोडा दाराकडून सरकवा, साहेब," म्हणाले, "हिचं अंथरून इकडं राह्यते." साहेबांनी पुसला आणि पुन्हा आखला.

हप्ता आला. त्यातून काकांनी खिडक्यांना घट्ट फळ्या करून घेतल्या आणि मैनीला एक जाड ब्लँकेट आणलं. भिंतींना आतून शेणामातीचा जाड लेप द्यायचा, टिनाखाली तट्ट्या बांधायच्या आणि त्यांच्यावर माती घालायची, हे काम दिवाळीच्या सुटीपर्यंत राहिलं होतं. मी गेलो तेव्हा बाहेरून घर निळं-पांढरं, सरकारी चित्रात असतं तसं, आणि आतून आमच्या जुन्या घरासारखं होत चाललं होतं. मला चिखल तुडवायचं काम मिळालं. माती, शेण आणि तनसाचे तुकडे, म्हणजे धानाचा वाळलेला पेंढा, हे सगळं पायांनी मळायचं. दोन वर्षांत पायांची सवय गेली होती. दोनदा घसरलो. मैनी ओट्यावर बसून पाहत होती. तिला चिखलात उतरायची बंदी होती.

"कालेजात चिखल नाई शिकवत का, काका?"

"शिकवत नाहीत," मी म्हटलं.

"मंग तिथी करता काय?"

काका शिडीवर होते. तिथून त्यांनीही विचारलं, खरंच काय शिकतोस. मी म्हटलं, समाजशास्त्र. त्यात काय राह्यते, असं विचारल्यावर मी जरा अडखळलो आणि म्हटलं, माणसं कशी राहतात, एकमेकांशी कशी वागतात, ते. काकांनी चिखलाचा गोळा माझ्या हातातून घेतला, तट्टीवर थापला, आणि म्हणाले, "मंग तं तुले लय वाचा लागत असन. मानसं लय हायत." त्यात काही टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच माझी काळजी वाटली होती.

संध्याकाळपर्यंत माळा पूर्ण झाला. चौकोनातल्या मातीवर काकांनी विस्तव मांडला. धूर जायला त्यांनी वर एका कोपऱ्यात वीतभर जागा सोडली होती. ते पाठीवर आडवे झाले आणि बराच वेळ माळ्याकडे पाहत राहिले. ओल्या मातीचा आणि शेणाचा वास येत होता. मैनीही त्यांच्या शेजारी आडवी झाली. मी दाराच्या चौकटीत बसून पायांचा चिखल खरवडत होतो. काकांनी कुणाचं नाव घेतलं नाही, कुणाचे आभार मानले नाहीत, कुणाला नावंही ठेवली नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, "भिंती देल्या, छप्पर देलं. लय देलं. राह्यलेलं आपन केलं." मग कुशीवर वळता वळता म्हणाले, "आता पौष येऊ दे."

मी ऐकलेलं त्यांचं ते शेवटचं वाक्य. मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं निघालो. ते शेतावर गेले होते.

पौष यायला वेळ होता. त्याआधीच, धान घरी आलं त्या आठवड्यात, ते गेले. मी पोचलो तेव्हा माती देऊन लोक परतत होते. रैनूबा अंगणात बसले होते आणि त्यांच्या हातात तंबाखू तशीच होती, ते खात नव्हते. मला पाहून म्हणाले, "आता मी कोनाले बोलू, गा?" मी त्यांच्याजवळ बसलो. आत विस्तव होता. वहिनी, म्हणजे मैनीची आई, त्यात लाकूड सारत होती. मैनी भिंतीला पाठ लावून बसली होती आणि मी आल्यावर जरा सरकली, मला बसता यावं म्हणून. भिंत गार नव्हती. पण तेव्हा खरी थंडी सुरूच झाली नव्हती, त्यामुळे त्यावरून काही कळणार नव्हतं.

मला परत यावं लागलं, परीक्षा होती. मी दुःखात होतो असं म्हणणं पूर्ण खरं होणार नाही. काकांचं आयुष्य अर्धवट राहिलं असं मला वाटत नाही. त्यांनी हातात घेतलेलं काम संपवलं, आणि उन्हात बसून गेले. आमच्याकडे याहून चांगलं मरण कुणी मागत नाही. मला छळत होतं ते वेगळंच. एवढं सगळं केलं, लोकांची नाराजी सोसली, वाट पाहिली, साहेबांकडून चौकोन आखून घेतला, ते ज्यासाठी केलं ते झालं का? हॉस्टेलच्या खिडकीतून पहाटे थंडी आत आली की मी जागा व्हायचो आणि पहिला विचार तोच यायचा. मैनीचे पाय आता कोण पाहत असेल?

बाबांना फोनवर मी दर वेळी विचारलं, मैनी कशी आहे? बाबा म्हणायचे, "बरी हाये." पण 'बरी हाये' हे आमच्याकडे सगळ्यालाच म्हणतात. मागच्या हिवाळ्यात ती दवाखान्यात भरती असतानाही माझा पेपर होता म्हणून बाबा बरी हायेच म्हणाले होते. टेकाडावर दम लागलेल्या माणसाला मी किती खोदून विचारणार? पौष गेला. जवळच्या एका गावात थंडीनं म्हातारं माणूस गेल्याचं कळलं. मी काही विचारायचंच सोडून दिलं. मग माघही अर्धा झाला.

मागच्या आठवड्यात आमच्या गावच्या आशाताई गडचिरोलीला मीटिंगला आल्या. गावातल्या आजारी माणसांना दवाखान्यात नेणं-आणणं त्याच करतात, त्यामुळे कोण कधी भरती झालं हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. परतीच्या बसला वेळ होता म्हणून त्यांनी निरोप पाठवला आणि आम्ही स्टँडजवळ चहाला बसलो. मी गावातल्या सगळ्यांची चौकशी केली. रैनूबांच्या घरकुलाचा पाया झाला, वहिनी मोहफुलं वेचण्यासाठी झाडाखालची जागा आत्तापासून झाडून ठेवते आहे, शाळेला नवीन मास्तर आले. चहा संपत आला तेव्हा त्या म्हणाल्या, "साऱ्याईचं इचारलं. मैनीचं काऊन नाई इचारत?"

मी म्हटलं, "विचारायची भीती वाटते, ताई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कप खाली ठेवला.

"पौषात एकदा पाय दुखले म्हनत होती," त्या म्हणाल्या. "तिच्या मायनं शेकले, दुसऱ्या दिवशी शाळेत गेली. भरती नाई झाली यंदा. पूर्न हिवाळ्यात एकदाबी नाई." मग बाहेर रस्त्यावर पडलेल्या उन्हाकडे पाहून म्हणाल्या, "आता तं गेली थंडी."